ऑफ-रोड गाडीचं कूलंट: कोणतं घ्यावं, कसं मिसळावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सपाट रस्त्यावर पळणाऱ्या गाडीला समोरून वारा फुकटात मिळतो. ऑफ-रोड गाडीचं तसं नाही. चाकं घसरत असतात, गाडी लो गिअरमध्ये माणसाच्या चालीने पुढे सरकते, इंजिन जीव तोडून ओढत असतं आणि रेडिएटरच्या जाळीत अर्धा चिखल बसलेला असतो. अशा वेळी रेडिएटरमध्ये कोणतं कूलंट भरलंय, हे कळायला फार वेळ लागत नाही. डर्ट बाइक, एटीव्ही (हँडलची चारचाकी), साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी बसायची छोटी ऑफ-रोड गाडी) आणि फोर-बाय-फोर चालवणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

अँटिफ्रीझ आणि कूलंट एकच का?

बोलताना दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात, आणि बरेच घोळ तिथूनच सुरू होतात. अँटिफ्रीझ म्हणजे कॅनमधलं बिनपाण्याचं द्रव. ते बहुतेक वेळा इथिलीन ग्लायकॉल असतं, काही वेळा प्रोपिलीन ग्लायकॉल, आणि त्यात थोडी गंजरोधक रसायनं घातलेली असतात. त्यात पाणी मिसळलं की झालं कूलंट. दुकानात दोन्ही मिळतं: पाणी घालून वापरायचं कॉन्सन्ट्रेट आणि थेट ओतायचं प्री-मिक्स. कॅन विकत घेताना आधी हेच वाचा. प्री-मिक्सला कॉन्सन्ट्रेट समजून त्यात पुन्हा तेवढंच पाणी घालणारे कमी नाहीत. त्यांच्या गाडीत ग्लायकॉल उरतं फक्त पंचवीस टक्के.

कामाची वाटणी लक्षात ठेवली की पुढचं सगळं सोपं जातं. उष्णता वाहून नेतं ते पाणी. त्या पाण्याला गोठू आणि लवकर उकळू न देणं हे ग्लायकॉलचं काम. आतल्या धातूची काळजी घेतात ती रसायनं.

आम्ही गाडी चालवतो तिथे बर्फ पडत नाही. मग साधं पाणी का नको?

उष्णता उचलण्यात पाण्याचा हात धरणारं स्वस्त द्रव नाही, हे खरं. पण साधं पाणी उघड्यावर १०० अंश सेल्सिअसला उकळतं. निम्मं पाणी आणि निम्मं इथिलीन ग्लायकॉल असलेलं मिश्रण १०७ अंशांच्या आसपास उकळतं, आणि रेडिएटरला १.१ बार दाब धरणारं झाकण लावलं की तोच आकडा १२९ च्या जवळ जातो. चढणीवर वारा नसताना हेच वरचे अंश कामाला येतात.

दुसरं कारण गंज. साध्या पाण्यात ॲल्युमिनियमचं हेड, लोखंडी ब्लॉक, पितळ आणि सोल्डर असे वेगवेगळे धातू एकत्र भिजत राहतात, म्हणजे जवळजवळ बॅटरीच तयार होते. वर वॉटर पंपाच्या पात्यांजवळ बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि धातूला टोचे मारतात. एखादा हंगाम काही जाणवत नाही. पुढच्या हंगामात पंप उघडला की पातं कुरतडल्यासारखं दिसतं.

मग अँटिफ्रीझ जितकं जास्त, तितकं चांगलं ना?

नाही. या विषयातला सगळ्यात महागडा गैरसमज हाच, आणि मीही त्याला बळी पडलो आहे. पहिली डर्ट बाइक घेतली तेव्हा "चांगलं काहीतरी द्यावं" म्हणून कॅनमधलं कॉन्सन्ट्रेट जवळजवळ तसंच ओतलं. पहिल्याच लांब चढणीवर झाकणाजवळच्या नळीतून गोडसर वासाची वाफ निघायला लागली. रेडिएटर साफ होता, पंप ठीक होता. टाकीत पाणीच नव्हतं, एवढंच.

इथिलीन ग्लायकॉलचे आकडे साधारण असे आहेत. एक तृतीयांश ग्लायकॉल असेल तर मिश्रण उणे १७-१८ अंशांपर्यंत टिकतं. निम्मं असेल तर उणे ३७ पर्यंत. साठ टक्के केलं तर उणे ५० च्याही खाली. सत्तर टक्क्यांच्या पुढे मात्र आकडा उलट्या दिशेने जातो: शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं! म्हणजे थंडीसाठी म्हणून नुसतं कॉन्सन्ट्रेट भरणाऱ्याला निम्म्या मिश्रणापेक्षा कितीतरी कमी संरक्षण मिळतं.

उष्णतेच्या बाबतीतही नुकसानच. निम्मं-निम्मं मिश्रणसुद्धा पाण्याच्या मानाने दर किलोला साधारण पंधरा ते वीस टक्के कमी उष्णता उचलतं. ग्लायकॉल वाढवलं की ही क्षमता आणखी घटते, द्रव दाट होतं आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून रेंगाळत जातं. उकळबिंदू वाढतो खरा, पण इंजिनही जास्त तापतं.

माझं मत विचाराल तर कडाक्याच्या थंडीत गाडी बाहेर उभी राहत नसेल, तर निम्मं-निम्मं पुरेसं आहे. कायम उष्ण हवेत, हळू वेगाने चालणाऱ्या गाडीत चाळीस टक्के ग्लायकॉल आणि साठ टक्के पाणी हेही समंजस प्रमाण आहे. त्याने उणे २४ च्या आसपासपर्यंत संरक्षण मिळतं. मात्र तिसऱ्या हिश्श्याच्या खाली जाऊ नका. तिथे गोठण्यापेक्षा गंजरोधक रसायनं पातळ होण्याची भीती मोठी असते.

हिरवं, लाल, गुलाबी, निळं: रंगावरून ओळखता येतं का?

येत नाही. रंग म्हणजे कंपनीने घातलेला डाय, बस्स. रंगाचं कोणतंही सर्वमान्य मानक नाही. एका कंपनीचं हिरवं जुन्या पद्धतीचं असतं, तर दुसरीचं हिरवं नव्या पद्धतीचं. रंगाचा खरा उपयोग दोनच ठिकाणी होतो: गळती कुठून होतेय ते दिसतं, आणि द्रव तपकिरी किंवा गढूळ झालं की काहीतरी बिघडलंय हे कळतं.

मग पाहायचं काय?

कॅनच्या मागची बारीक अक्षरं. तिथे आयएटी, ओएटी किंवा एचओएटी असं गंजरोधक रसायनांच्या पद्धतीचं नाव लिहिलेलं असतं, किंवा सिलिकेटमुक्त, फॉस्फेटमुक्त असे उल्लेख असतात.

आयएटी ही जुनी पद्धत. यात सिलिकेट, फॉस्फेटसारखी अजैविक रसायनं असतात. ती धातूवर पटकन थर चढवतात, पण लवकर संपतात. म्हणून ते साधारण दोन वर्षांत बदलायचं असतं. तांब्या-पितळेचा, सोल्डर केलेला रेडिएटर असलेल्या जुन्या जीपसारख्या गाड्यांना हेच मानवतं.

ओएटीमध्ये सेंद्रिय आम्लांचे क्षार असतात. ते सगळ्या पृष्ठभागावर जाड थर देत नाहीत, जिथे गंज सुरू होतो तिथे जाऊन काम करतात. त्यामुळे हळूहळू खर्च होतात आणि पाच वर्षांपर्यंत टिकतात. जुन्या सोल्डरला मात्र काही ओएटी मानवत नाहीत.

एचओएटी म्हणजे दोन्हींचा मेळ. इथे एक गमतीची गोष्ट आहे. जपानी उत्पादक बहुधा फॉस्फेटवाला मेळ पसंत करतात आणि सिलिकेट टाळतात, कारण त्याने वॉटर पंपाच्या सीलची झीज होते असं ते मानतात. युरोपीय उत्पादक उलट फॉस्फेट टाळतात आणि सिलिकेट घेतात, कारण त्यांच्याकडच्या जड पाण्यात फॉस्फेटचा खर बसतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर. म्हणूनच "सगळ्यात चांगलं कूलंट कोणतं?" या प्रश्नाला गाडीचं नाव सांगितल्याशिवाय उत्तर नसतं.

मानकांमध्ये हलक्या वाहनांसाठी अमेरिकी एएसटीएम डी ३३०६, अवजड डिझेलसाठी एएसटीएम डी ६२१० आणि जपानी जेआयएस के २२३४ हे क्रमांक कॅनवर दिसतात. गाडीच्या पुस्तिकेत जो क्रमांक किंवा जो प्रकार लिहिलाय तो कॅनवर सापडला की निवड संपली. "सर्व गाड्यांसाठी" एवढंच छापलेलं असेल आणि खाली कुठलाही क्रमांक नसेल, तर कॅन परत ठेवा.

डर्ट बाइकला, एटीव्हीला आणि फोर-बाय-फोरला एकच कूलंट चालेल का?

चालेल, जर तिघांच्याही पुस्तिका एकच प्रकार सांगत असतील. सहसा तसं होत नाही.

डर्ट बाइकमध्ये सगळं मिळून लिटरभर द्रव असतं. इंजिनात ॲल्युमिनियम आणि बऱ्याचदा मॅग्नेशियमची कव्हरं असतात, पंपाचं सील चिमुकलं असतं. म्हणून तिथे सिलिकेटमुक्त आणि ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमला सुरक्षित असं लिहिलेलं कूलंट घ्या. द्रव इतकं कमी असल्याने चूक लपत नाही. पाव लिटर उडून गेलं तर चौथा हिस्सा गेला.

शर्यतीसाठी जाणार असाल तर नियम आधी वाचा. अनेक ट्रॅकवर ग्लायकॉल चालत नाही, कारण सांडलं की ते तेलासारखं निसरडं राहतं आणि लवकर वाळत नाही. तिथे पाणी आणि बिनग्लायकॉलचं गंजरोधक द्रव वापरतात. थंडीच्या आधी ते बदलायला विसरू नका. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं आणि तेवढ्याने सिलिंडरला तडा जायला पुरतं.

मोठ्या डिझेल यंत्रांचा हिशेब वेगळा. ज्यांच्या सिलिंडरच्या स्लीव्हला (पिस्टन फिरतो त्या धातूच्या नळीला) बाहेरून थेट कूलंट लागतं, त्यांत स्लीव्ह कंप पावते, बुडबुडे फुटतात आणि धातूला आरपार भोकं पडू शकतात. त्यासाठी अवजड इंजिनाचंच कूलंट लागतं. गाडीसाठी आणलेलं उरलंय म्हणून त्यात ओतू नका.

दोन प्रकार एकमेकांत मिसळले गेले. आता?

घाबरून इंजिन बंद करण्यासारखं काही नाही. लगेच स्फोट वगैरे होत नाही. होतं ते असं, की दोन्हींची रसायनं एकमेकांचं काम बिघडवतात, पाच वर्षांचं कूलंट दोन वर्षांचं होतं, आणि वाईट जोडी जमली तर गाळ किंवा जेलीसारखा चिकट थर तयार होऊन रेडिएटरच्या नळ्या बुजतात.

शंका असेल तर बरणीची चाचणी करा. काचेच्या स्वच्छ बरणीत दोन्ही द्रवं समप्रमाणात घ्या, झाकण लावून हलवा आणि एक-दोन दिवस ठेवून द्या. मग बरणी उजेडासमोर धरा. तळाशी पांढरट साका, मध्ये धागे, किंवा काचेला चिकटलेला बुळबुळीत थर दिसला, तर ती जोडी गाडीत नको. काहीच दिसलं नाही तरी ते फक्त "चिखल होणार नाही" एवढंच सांगतं. गंजापासून संरक्षण टिकेल की नाही, हे बरणी सांगत नाही. म्हणून सोयीस्कर वेळ मिळाली की सगळं काढा, धुवा आणि एकच प्रकार भरा.

पाणी कोणतं घालायचं?

डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड. बॅटरीत घालायला मिळतं ते चालतं, फक्त ते पाणीच आहे ना, आम्ल नाही ना, हे लेबलवर पाहा. नळाच्या आणि बोअरच्या पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार गरम भागावर खर म्हणून बसतात, अगदी किटलीच्या तळाशी बसतो तसाच. आणि खर ज्या जागी बसतो, ती जागा नेमकी सगळ्यात जास्त थंडावा हवा असलेली असते. क्लोराइड ॲल्युमिनियमला खड्डे पाडतं. मीठ वापरून मृदू केलेलं पाणी तर मुळीच नको. त्यातला कॅल्शियम जातो, पण सोडियम येतो आणि क्लोराइड जागच्या जागी राहतं.

मिसळायची नेमकी पद्धत काय?

बाहेर, स्वच्छ भांड्यात मिसळून मग ओता. अर्धं हे आणि अर्धं ते असं थेट रेडिएटरमध्ये ओतलं तर ते कधी नीट मिसळतं, कधी नाही.

धुतलेल्या गाडीत मात्र एक सापळा आहे. निचरा करूनही ब्लॉकमध्ये आणि हीटरच्या नळ्यांत पाणी उरतंच, कधीकधी एकूण क्षमतेच्या चौथ्या हिश्श्याएवढं. त्यावर निम्मं-निम्मं मिश्रण भरलं की खरं प्रमाण चाळीसच्या खाली येतं. अशा वेळी पुस्तिकेत एकूण क्षमता बघा. समजा सहा लिटर. तर आधी तीन लिटर कॉन्सन्ट्रेट ओता आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरा. आत किती पाणी उरलं होतं याची फिकीर करायची गरज राहत नाही. इथे मिश्रण गाडीतच होतं, म्हणून थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर कूलंटला रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) उघडेपर्यंत इंजिन चालवायला हवं.

प्रमाण दुरुस्त करायचं असेल तर थोडं गणित. तीन लिटरची गाडी आहे, मोजल्यावर तीस टक्के निघालं, पन्नास हवंय. हवं ग्लायकॉल दीड लिटर, आहे ०.९ लिटर, म्हणजे ०.६ लिटर कमी. दर लिटर जुनं काढून कॉन्सन्ट्रेट घातलं की ०.७ लिटर ग्लायकॉल वाढतं. ०.६ ला ०.७ ने भागलं की सुमारे ०.८६. तेवढं काढा, तेवढंच कॉन्सन्ट्रेट भरा.

प्रमाण मोजायचं कशाने?

रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून प्रमाण दाखवणाऱ्या छोट्या दुर्बिणीसारख्या उपकरणाने. आधी काचेवर डिस्टिल्ड पाण्याचा थेंब टाकून रेघ शून्यावर आणा, मग थंड कूलंटचा थेंब. आत निळा आणि पांढरा भाग जिथे भेटतात तिथला आकडा वाचा. इथिलीन आणि प्रोपिलीनच्या पट्ट्या वेगवेगळ्या असतात, चुकीची वाचू नका. तरंगत्या गोळ्यांचं स्वस्त हायड्रोमीटर इथिलीनला कामचलाऊ आहे, प्रोपिलीनला निरुपयोगी.

भरून झालं तरी गाडी तापते. का?

बहुतेक वेळा आत हवा अडकलेली असते. साइड-बाय-साइडमध्ये इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे असतो. मधल्या लांब नळ्यांत हवेचा फुगा बसला की पंप नुसता फिरत राहतो. पुढची चाकं उंचावर चढवून रेडिएटरचं तोंड सगळ्यात वर आणा, ब्लीड स्क्रू (हवा बाहेर सोडायचा) असेल तर सैल करा, हीटर असल्यास पूर्ण गरमवर ठेवा, झाकण उघडं ठेवून इंजिन थंडपणापासून चालू करा आणि नळ्या हाताने दाबत राहा. गुळगुळ आवाज थांबून पातळी खाली जायची थांबली की झालं. बुडबुडे थांबतच नसतील, अर्धा तास झाला तरी, तर संशय हेड गॅस्केटवर (हेड आणि ब्लॉकमधल्या सीलवर) घ्या.

जास्त दाबाचं झाकण लावलं तर उकळणं थांबेल का?

दर ०.१ बारमागे उकळबिंदू साधारण दोन अंशांनी वाढतो. १.१ च्या जागी १.६ लावलं की दहा अंशांचा फायदा दिसतो, म्हणून डर्ट बाइकवाल्यांचं हे आवडतं औषध. पण त्याने इंजिन थंड होत नाही, फक्त उकळी पुढे ढकलली जाते. वाढलेला दाब जुनी होज (रबरी नळी), रेडिएटरचे जोड आणि पंपाचं सील सोसतात. होज नव्या असतील तर एक पायरी वर जायला हरकत नाही. त्याआधी जुन्याच झाकणाचं रबर पाहा. ते कडक होऊन चिरलं असेल तर आकडा कितीही छापलेला असो, दाब धरला जात नाही.

उंचीवर झाकणाचं महत्त्व वाढतं. चार हजार मीटरवर उघडं पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं.

वाटेतच कूलंट उकळलं, सोबत फक्त ओढ्याचं पाणी आहे. घालू का?

घाला, पण लगेच नाही. तापलेल्या इंजिनाचं झाकण उघडू नका. दाबाखालचं द्रव उसळून तोंडावर येतं आणि ते उकळत्या पाण्यापेक्षाही गरम असतं. सावलीत उभी करा, जाळीतला चिखल काढा, अर्धा तास तरी थांबा. वरची होज हाताला दाबता येईल इतकी थंड झाली, की झाकणावर जाड कापड टाकून हळू फिरवा. ओढ्याचं पाणी कापडातून गाळून थोडं थोडं ओता. तापलेल्या हेडवर एकदम गार पाणी पडलं तर हेड वाकतं किंवा तडकतं.

घरी पोचल्यावर ते पाणी काढून टाका, "नंतर बघू" म्हणून महिनाभर ठेवू नका. मी तर लिटरभर प्री-मिक्स कायम सामानात ठेवतो. जागा फार लागत नाही.

आणखी एक, खोल पाण्यातून गाडी नेताना: इंजिनावर चालणाऱ्या पंख्याची पाती पाण्याच्या जोराने पुढे वाकून रेडिएटरला चिरू शकतात. त्या दिवशी कुठलंच कूलंट कामाला येत नाही.

बिनपाण्याचं कूलंट किंवा "वॉटर वेटर" घ्यावं का?

बिनपाण्याच्या कूलंटचा उकळबिंदू १८० अंशांच्या वर असतो, दाब फारसा चढत नाही. पण ते उष्णता कमी वाहून नेतं, इंजिन थोडं गरमच चालतं, आणि भरण्याआधी आतला पाण्याचा थेंबन् थेंब काढावा लागतो. रानात गळती झाली तर ओढ्याचं पाणी घालताच सगळा खर्च वाया. मला ते लांबच्या वाटेसाठी पटलेलं नाही. वॉटर वेटर पाण्याचा पृष्ठताण कमी करतो, जास्त पाणी असलेल्या मिश्रणात थोडा फरक पडतो. गोठण्यापासून तो अजिबात वाचवत नाही.

कधी बदलायचं?

पुस्तिकेतली मुदत ही वरची मर्यादा समजा. चिखल-पाण्यात चालणाऱ्या डर्ट बाइकचं मी दरवर्षी बदलतो, लिटरभरच तर लागतं. मध्ये पीएच पट्टी बुडवून पाहा. ७ च्या खाली गेलं तर रसायनं संपली आहेत.

विंच (अडकलेली गाडी ओढायची विजेची चरखी), जादा दिवे, रेडिओ जोडलेत? मग मल्टीमीटर घ्या. काळी तार बॅटरीच्या ऋण टोकाला, लाल टोक कूलंटमध्ये, रेडिएटरच्या धातूला न लावता. इंजिन आणि सगळे दिवे चालू ठेवून ०.३ व्होल्टच्या वर दिसलं तर एखादं अर्थिंग खराब आहे आणि वीज कूलंटमधून वाट काढतेय. असा ॲल्युमिनियम रेडिएटर आतून खाल्ला जातो. मग दोष विनाकारण कूलंटच्या कंपनीला दिला जातो.

काढलेलं कूलंट कुठे टाकायचं?

जमिनीवर नाही, गटारात नाही. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड लागतं, कुत्री-मांजरं ते चाटतात, आणि थोडंसंही त्यांचं मूत्रपिंड निकामी करायला पुरतं. लहान मुलांनाही तोच धोका. पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहता डॉक्टर गाठा. त्यावर उतारा आहे, पण तो लवकर द्यावा लागतो. वापरलेल्या कूलंटमध्ये सोल्डरचं शिसंही उतरलेलं असू शकतं. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर ठळक अक्षरांत "विषारी" लिहा आणि जुनं तेल घेणाऱ्या गॅरेजला किंवा घातक कचरा केंद्राला द्या. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत मात्र कधीही भरून ठेवू नका. जनावरांना भीती असेल अशा ठिकाणी प्रोपिलीन ग्लायकॉलवालं घ्या. ते बरंच कमी विषारी आहे, पण वापरल्यावर त्यातही आतले धातू उतरतात, म्हणून तेही सांडायचं नाही.